भरपाई पुरी होईपर्यंत

१

निकाल लागला त्या दिवशी वकीलसाहेबांनी मला कोर्टाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, "तुम्हीच प्या. तुमचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरलाय."

आकडा मोठा होता. न्यायाधीशांनी तो वाचला तेव्हा क्षणभर मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या खटल्याचा कागद हातात आला असावा. व्हॅन माझ्या नावावर होती, चालवत होता माझा धाकटा भाऊ, आणि विम्याची मुदत अपघाताच्या आधीच संपलेली. विमा त्यानं भरला असेल असं मी धरून चालले होते, आणि मी भरला असेल असं तो. विमा कंपनीनं काखा वर केल्या. सगळी भरपाई गाडीच्या मालकानं द्यायची, म्हणजे मी.

"वरच्या कोर्टात जाता येईल," वकीलसाहेब म्हणाले. "काही वर्षं सहज निघून जातील."

"त्यांच्या घरातला माणूस गेलाय ना?"

"हो, पण..."

"मग वर कशाला जायचं? देणार म्हटलं की देणार."

यात मोठेपणा काही नाही, माझा स्वभावच तसा आहे. मी चष्म्याचं दुकान चालवते. लोक घाबरून येतात, म्हणतात, काही दिसत नाही हो, डोळे गेले बहुतेक. मी त्यांना खुर्चीत बसवते, एकेक भिंग डोळ्यापुढे धरते आणि विचारते, आता? आणि आता? थोड्या वेळात तीच माणसं खालची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचतात. कुठल्याही धूसर गोष्टीला एक नंबर असतो, तो सापडला की झालं, असं मी आयुष्यभर मानत आले. या आकड्याकडेही मी तसंच बघितलं. व्हॅन विकली, घर गहाण ठेवलं, भिंगं घासायचं नवं मशीन आलं होतं ते परत पाठवलं. बरीचशी रक्कम एकदम उतरली. उरलेल्याचे हप्ते ठरले.

"बँकेतून परस्पर पाठवत जा," वकीलसाहेबांनी सांगितलं. "पण त्या मयताच्या आई अडून बसल्यात. म्हणतात, दर वेळी घरी येऊन हातात द्यायचे."

"मग हातात देईन," मी म्हटलं. "त्यात काय."

२

खरं तर जायला हवं होतं धाकट्यानं. मी त्याला म्हटलंही होतं, "एकदा जाऊन त्यांच्यासमोर उभा राहा. तोंड चुकवत किती दिवस काढशील?"

"काय बोलू?"

"काही बोलू नकोस. नुसता उभा राहा."

तो मान खाली घालून ताटातला घास चिवडत राहिला. अपघातानंतर त्यानं चाकाला हात लावला नव्हता. बसमध्ये जागा असली तरी पार मागे, पाठमोरा उभा राहायचा, म्हणजे पुढचा रस्ता दिसायला नको. एका गोदामात खोकी बांधायचं काम धरलं होतं. घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. हाच पोरगा पूर्वी गप्पा मारता मारता गिऱ्हाइकाला एकाऐवजी दोन चष्मे विकायचा.

म्हणून पहिला चेक घेऊन मीच गेले. रविवारची सकाळ, जिन्यात स्वच्छ ऊन. इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, टोकाचं घर. दार सुनेनं उघडलं. बारीक चणीची मुलगी, डोळ्यांखाली काळं. आत खुर्चीत तिची सासू ताठ बसलेली. मी त्यांना काकू म्हणायचं ठरवून गेले होते. शिव्या खायची तयारीही ठेवली होती.

शिव्या आल्या नाहीत. काकूंनी चेक घेतला, न बघता मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बसा. चहा घ्या."

मी जमिनीकडे बघत बसले. फरशी मात्र बघण्यासारखी होती. दोन लाद्यांमध्ये केसही शिरला नसता.

"त्यानंच बसवलीय," काकू म्हणाल्या. "गावभर लोकांच्या फरशा बसवायचा, तेव्हा वाटलं, आपली तरी बरी हवी. बसवून झाली की थापीच्या मुठीनं एकेक ठोकून बघायचा. खाली माल नीट भरला नसेल तर पोकळ वाजते. पोकळ वाजली की काढून परत."

मी मान हलवली. चहा चांगला होता. निघताना सून दाराशी आली, तिला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण तिनं नुसतं दार लावून घेतलं. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. सगळ्यात अवघड पायरी झाली, आता नुसता शिरस्ता.

३

शिरस्ता बरा चालला होता. मी जायचे, चेक द्यायचे, काकू हवापाण्याचं बोलायच्या. त्या आता मला अगं-तुगं करत होत्या. "शब्दाची पक्की आहेस हो पोरी," एकदा म्हणाल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

आवाज मी पहिल्यांदा कधी ऐकला ते नक्की सांगता येणार नाही. एका रविवारी लक्षात आलं की तो चालू आहे, आणि हेही लक्षात आलं की मागच्या वेळीही तो होताच. ठक. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा ठक. बसायच्या खोलीला लागून आतली खोली होती, तिचं दार कायम लोटलेलं असायचं. आवाज त्या बाजूनं येत होता.

"कुठे काम काढलंय का?" मी विचारलं.

"असेल," काकू म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर काहीतरी चालू असेल, असं मी मनात म्हटलं आणि चहा प्यायले. हे घर सगळ्यात वरचं आहे, वर नुसती गच्ची आहे, हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं. मग मी म्हटलं, खालच्या मजल्यावर असेल. जुन्या इमारतीत आवाज कुठून कुठे जातो याचा नेम नसतो. नळाचे पाइप असतात, भिंती असतात. ही कारणं चांगली होती. माझं समाधान झालं.

पुढच्या वेळी मी नकळत ऐकत बसले. सुरुवातीचा आवाज पोकळ होता, रिकाम्या डब्यावर बोट वाजवावं तसा. आता तो बसका येत होता. मी चेक काकूंच्या हातात दिला, त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि आत एकाला लागून एक असे ठोके पडले, भराभर, जसा कामात रमलेला माणूस न थांबता पुढे सरकतो. सून माझ्यासमोर बशी धरून उभी होती. बशीत कप वाजायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं कप दाबून धरला.

"चहा गार होतोय," काकू मला म्हणाल्या.

४

मग तो चष्मा.

काकूंनी तो रुमालात गुंडाळून दिला. "याची एक काडी ढिली झालीय आणि नाकावरून सारखा घसरतो. बघशील? नाहीतरी तुझंच काम."

दुकानात आल्यावर मी तो दिव्याखाली धरला. तपकिरी जुनी फ्रेम. आता हे लक्षात घ्या की चष्मा माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोणाचा एक कान वर आहे, कोण एका हातानं चष्मा ओढून काढतो, सगळं फ्रेमवर उमटतं. कपाटात पडून राहिलेला चष्मा वेगळा दिसतो. त्याच्या नाकावरच्या पॅडवर धूळ बसते, स्क्रू कोरडे पडतात.

या चष्म्याच्या पॅडवर घाम होता. सुकून हिरवा झालेला जुना थर, आणि त्याच्यावर ओलसर तेलकट नवा. बिजागरीत राखाडी भुकटी अडकली होती. मी सुईनं काढून बोटांत चोळली. सिमेंट.

काकू लावत असतील, मी म्हटलं. मुलाची आठवण म्हणून बायका काय काय जपतात. मग भिंगांचा नंबर काढला. लांबचं न दिसणाऱ्या माणसाचा नंबर, चांगला जाड मायनस. काकू सही करताना जवळचा चष्मा लावायच्या, तो मी बघितला होता. हा त्यांनी चढवला असता तर त्या भिंतीवर आदळल्या असत्या. सुनेला चष्मा नव्हताच.

मी स्क्रू आवळले, पॅड बदलले, काडी कानामागे येते तिथे गरम करून वाकवली. आणि वाकवता वाकवता थांबले. कुणाच्या कानाच्या मापानं वाकवतेय मी?

पुढच्या रविवारी चष्मा परत केला तेव्हा काकूंनी तो उजेडात धरून पुसला. "नंबर तपासायचा असेल तर दुकानातच यायला लागतं का गं?"

"कुणाचा?"

त्या हसल्या. वेडीबिडी हसते तसं मुळीच नाही. घरी पाहुणा येणार आहे आणि अजून कुणाला सांगायचं नाही, तेव्हा बाई हसते तसं.

५

सून दुकानात आली ती भर दुपारी. बाहेर दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून म्हणाली, "डोळे तपासायचेत." मी तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि समोरचा तक्ता लावला.

"वाच."

तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, थेट सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत वाचत गेली. मग त्याच आवाजात म्हणाली, "ताई, उरलेले पैसे देऊ नका."

"अगं, कोर्टाचा हुकूम आहे. आणि आता दोनच तर हप्ते राहिलेत."

"म्हणूनच आले. तुम्ही पैसे देता, आणि घरात ते वाढतात."

"कोण?"

भिंगांमुळे तिचे डोळे फार मोठे दिसत होते. "पहिल्यांदा नुसता वास आला, ओल्या सिमेंटचा. मी खूप रडले त्या दिवशी. मला बरं वाटलं हो, ताई. वाटलं, वास तरी आला. मग न्हाणीघरात पाय उमटायला लागले. मग आवाज. आई म्हणतात, कोर्टानं भरपाई म्हटलंय ना, मग भरून येऊ दे."

"हे बघ," मी म्हटलं, "माणूस गेला की घरात त्याचे भास होतात. माझे वडील गेले तेव्हा मला त्यांची खोकल्याची उबळ ऐकू यायची."

"तुमचे वडील तुम्हाला ओळखत होते का?"

"म्हणजे?"

"हे मला ओळखत नाहीत. घर ओळखतात, आईंना ओळखतात. परवा माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही कोणाकडे आलात?" तिनं नाकावरची फ्रेम सावरली. "आणि सारखं एकच विचारतात. गाडी कोण चालवत होतं? आई सांगत नाहीत. म्हणतात, सगळी भरपाई होऊ दे, पुरा हो, मग सांगते."

मी फ्रेम काढून घेतली. तिला म्हटलं, तू नीट झोपत नाहीस, माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आहेत, फार चांगल्या आहेत. ती ऐकत होती, पण पर्स आवरत ऐकत होती.

"मला वाटलंच तुम्ही असं म्हणाल," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आतल्या दाराकडे पाठ करून बसू नका एवढंच."

तिचे डोळे अगदी उत्तम होते. सगळ्यात खालची ओळ तिनं अंधारात बिनचूक वाचली होती.

६

मी गेले. न जाणं म्हणजे त्या मुलीच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं, आणि तेवढी मी लेचीपेची नाही. फक्त या वेळी खुर्ची फिरवून घेतली आणि आतल्या दाराकडे तोंड करून बसले. काकूंनी बघितलं आणि सुनेला चहा आणायला सांगितलं.

चेक दिला.

आत ठोके सुरू झाले. भरीव, घट्ट. खोलीच्या पलीकडच्या टोकाला आधी, मग अलीकडे. प्रत्येक ठोका एका लादीवर, आणि मग पुढची लादी. दाराशी आले. दाराखाली बोटभर फट होती, तिच्यातून उन्हाची पट्टी येत होती. ती पट्टी मध्येच काळी झाली.

आणि ठोका दाराच्या अलीकडे पडला. बसायच्या खोलीत काही नव्हतं, मी शपथेवर सांगते, काकू होत्या, सून होती, मी होते, उन्हात चकचकणारी फरशी होती. पुढचा ठोका टेबलाशी. त्याच्या पुढचा माझ्या चपलेखाली. तो मी ऐकला नाही, तो मला तळपायाला लागला.

दारामागून एक पुरुषाचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा, म्हणाला, "ही भरली."

मी चहा संपवला. अर्धा कप टाकून उठणं बरं दिसलं नसतं, असं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं. नमस्कार केला, जिना उतरले, आणि खाली आल्यावर कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिले.

पण उभ्या उभ्याच मी ठरवून टाकलं. शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नव्हता, हा बुडवणार. जप्ती आणू देत, दुकानाला कुलूप लावू देत. मी उभं राहून बघेन. आणि हे त्या बाईला तोंडावर सांगायचं, फोनवर नाही.

धाकट्याला मात्र यातलं काही सांगितलं नाही. त्याला जपायला म्हणून.

७

ठरलेल्या रविवारी मी रिकाम्या हातांनी निघाले. जिन्यात सून भेटली. हातात मोठी बॅग.

"मी माहेरी चाललेय," ती म्हणाली. "शेवटचे पैसे आले."

"कुठून आले? माझ्याकडे आहेत ते."

"तुमचा भाऊ घेऊन आला. मघाशी. मी दार उघडलं तर म्हणाला, मला आधीच यायला हवं होतं."

उरलेल्या पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. दार सताड उघडं होतं. काकू खुर्चीत नव्हत्या, त्या खिडकीशी उभ्या राहून खाली रस्त्याकडे बघत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या.

"ये. तुझ्या भावाला आत बसवलंय. गुणी आहे गं. मोटरसायकल विकली म्हणे, वर पगाराची उचल घेतली. म्हणाला, शेवटचा तरी माझ्या हातानं देतो."

आतल्या खोलीतून धाकट्याचा आवाज येत होता. समजावून सांगतात तसा, एका लयीत. "...आधी क्लच पूर्ण दाबायचा. मग गिअर. घाई नाही करायची." कित्येक महिन्यांत तो सलग एवढं बोलला नव्हता. मी दार ठोठावलं. आतला आवाज थांबला, खुर्ची सरकली, आणि धाकटा बाहेर आला. येताना त्यानं दार मागे असं ओढून घेतलं, जसं आतल्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून आपण ओढतो.

"अगं ताई, तू कशाला आलीस?" तो म्हणाला. आणि हसला. माझा धाकटा हसला.

रस्त्यावर आल्यावर मी त्याचं मनगट धरलं. "काय विचारलं त्यानं?"

"गाडी कोण चालवत होतं ते."

"मग?"

"मी म्हटलं, मी." त्यानं मोठा श्वास घेतला. "एवढंच होतं गं, ताई. एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंस. म्हणाले, मला शिकव."

८

वकीलसाहेबांचा फोन आला, पुरी भरपाई मिळाल्याची कोर्टात नोंद झाली, सुटलात तुम्ही. काहीतरी गोड खाऊ घाला म्हणाले.

धाकटा खरंच सुटल्यासारखा दिसत होता. पोटभर जेवायचा, दाढी करताना गाणं म्हणायचा. काकूंनी आलेल्या पैशातून एक जुनी गाडी घेतली होती, आणि तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी शिकवायला जायचा. स्वतः चालवायचा नाही. बाजूला बसायचा.

"बरे शिकतात," तो सांगायचा. "हात घट्ट आहे. ब्रेक मात्र उशिरा लावतात."

एके दिवशी मी त्याच्या हातातला पाव काढून घेतला. "तो माणूस मेलाय, धाकट्या."

"माहितीये की. माझ्याच गाडीखाली."

"मग?"

"मग माझ्याशिवाय कोण शिकवणार?"

मी पाव परत दिला. त्यानं तो चहात बुडवला आणि सहज म्हणाला, "उद्या शेवटचं. त्या वळणावर जायचं म्हणतात, जिथे झालं तिथे. एकटेच चालवणार."

"आणि तू?"

"मी पुढे जाऊन उभं राहायचं. रस्त्यात. ते उभे होते तिथे."

"तू हो म्हणालास?"

"ताई," तो म्हणाला, "मी नाही कसं म्हणू?"

मी आरडाओरडा केला नाही. त्याला कोंडायचा विचार आला, पण कोंडून माणूस किती दिवस राहतो? भिंतीकडे तोंड करून पडलेला धाकटा मी बघितला होता. तो मला परत नको होता.

९

सकाळी धाकटा पायी पुढे गेला. मी त्याच्या मागोमाग बाहेर पडले आणि काकूंच्या इमारतीकडे वळले. गाडी दारासमोर उभी होती, इंजिन चालू. चालकाच्या बाजूच्या काचेवर समोरच्या घरांचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं. काकू पायरीवर उभ्या होत्या.

"तू कशाला जातेस?" त्या म्हणाल्या. "त्या दोघांचं आहे ते."

"व्हॅन कुणाच्या नावावर होती, काकू?"

"तुझ्या."

"मग तिघांचं आहे."

मी दार उघडून पुढे बसले. आत ओल्या सिमेंटचा वास होता. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून पॅंटचा गुडघा दिसत होता, राखाडी, घासून पांढरा पडलेला. फरशीवाल्यांचे गुडघे असे होतात. पट्टा लावायला मी हात वर केला, तेव्हा पुढच्या छोट्या आरशात तो तपकिरी चष्मा दिसला, नीट बसलेला, आणि चष्म्यामागे डोळे. ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. उन्हात कुणाच्याही बाहुल्या बारीक होतात, जन्मल्या बाळाच्यासुद्धा. या झाल्या नव्हत्या. मी आरशावरून नजर काढली आणि हँडब्रेक कुठे आहे ते बघून ठेवलं.

गाडी निघाली. तो बरा चालवत होता, धाकट्यानं सांगितलं होतं तसा. बाजार गेला, शाळेची भिंत गेली, आणि रस्ता ज्या वळणावर पूर्वेला वळतो ते वळण आलं. गाडी वळली.

आणि समोरची काच पांढरी झाली.

मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा चालत गेले होते, सकाळी त्या वेळी गाडीतून कधीच नाही. रस्ता नव्हता, घरं नव्हती, आकाश नव्हतं. सगळ्या काचेत नुसता सूर्य. माझा भाऊ त्यात कुठेतरी उभा होता आणि मला तो दिसत नव्हता. नजर तपासण्यात माझा जन्म गेला आणि मला काही, काहीही दिसत नव्हतं. मी आंधळ्यासारखा हात टाकला आणि हँडब्रेक ओढला.

माझ्या मुठीत हँडब्रेक आला नाही. तिथे आधीच एक हात होता. गार, खरखरीत, बोटांच्या पेरांत भेगा पडलेला. त्यानं ब्रेक माझ्या आधीच ओढला होता.

गाडी हिसका देऊन थांबली. इंजिन बंद पडलं. त्या शांततेत शेजारून मोठा श्वास ऐकू आला, पहिलाच असावा तसा.

"इथून काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "नाही दिसत."

हळूहळू त्या पांढऱ्यात एक काळी रेघ झाली, रेघेला खांदे आले, आणि धाकटा बॉनेटला हात लावून उभा असलेला दिसला. त्याचे डोळे मिटलेले होते. मी हाक मारली तेव्हा त्यानं ते उघडले.

चालकाच्या बाजूचं दार उघडून बंद झालं. मग मागचं दार उघडलं, आणि मागची सीट जड माणूस बसल्यावर दबते तशी दबली.

"आता तू चालव," मागून आवाज आला.

धाकटा येऊन चाकामागे बसला. त्यानं काचेवरची ऊन अडवायची पट्टी खाली ओढली, किल्ली फिरवली, आरसा आपल्या उंचीला केला आणि आरशात बघत, टॅक्सीवाला विचारतो तितक्या साधेपणानं विचारलं, "कुठे सोडू?"

"तुमच्याकडे," मागचा आवाज म्हणाला. "आमच्या घरी आईला तिचा मुलगा परत हवाय. मी कसा गेलो ते तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मागून शांत श्वासोच्छ्वास येत होता, लांब प्रवासाला निघालेल्या माणसाचा असतो तसा.

मी म्हटलं, "चल."